डाव्या हाताची सुरी

“अहो, सुरी आणाले जपानले चालल्या म्हणते ह्या. बर्डीच्या बाजारात भेटत नाही का?”

नागपूर विमानतळावर बॅगा देण्याच्या रांगेत माझ्या मागच्या बाई नवऱ्याच्या कानात बोलत होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं. नवरा म्हणाला, “असन काही खास. तू आपली बॅग पाह्य.”

मी वळले नाही. अशा वेळी मी काहीतरी वाचत असल्याचं सोंग करते. त्या दिवशी हातात पासपोर्ट होता, तर मी त्याच्या शेवटच्या पानावरच्या सगळ्या सूचना वाचून काढल्या. बाईंना ही बातमी पुरवणारी माझी आत्या मात्र वळली.

“भेटते ना बाई,” ती म्हणाली, “पण आमच्या पोरीच्या हाताची नाही भेटत.”

बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते जॅकेटच्या खिशात घातले.

आत्या बोलली ते खरं होतं. मी डावखुरी आहे, पण पूर्ण नाही, उरलेली. पहिलीत टीचरनं माझी पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली, ती तिथेच राहिली. जेवणं, प्रसाद घेणं, कुणाला काही देणं, हे घरानं उजव्या हाताकडे दिलं. डाव्या हाताच्या वाट्याला केस विंचरणं, चेंडू फेकणं आणि भाजी चिरणं एवढंच आलं. चेंडू आता कोणी फेकायला सांगत नाही. भाजी मात्र भरपूर असते, कारण सुशीला आत्या मनीषनगरात जेवणाचे डबे पुरवते. आठवडाभर मी मिहानमधल्या एका कंपनीत स्क्रीनसमोर बसते. तिथे दिवसभरात मोजकं बोलून भागतं आणि ते मला मानवतं. शनिवार-रविवारी सकाळी मी आत्याच्या ओट्याशी उभी असते. आत्या आधी पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून चिरायची. गुडघ्यांनी नकार दिला तशी पावशी भिंतीला टेकली आणि ओट्यावर सुऱ्या आल्या.

त्यात मी एक जपानी सुरी ऑनलाइन मागवली. भाजीसाठीची, चौकोनी पात्याची. व्हिडिओत लोक तिनं मुळा गोल सोलत जात आणि मुळ्याची पारदर्शक लांब पट्टी निघे, साडीच्या पदरासारखी. माझ्या हातात तीच सुरी मुळ्यात तिरकी शिरायची. वर पातळ, खाली जाड, आणि मध्येच तुकडा. मला वाटलं, आपला हातच वाईट. मला असं पुष्कळ बाबतीत वाटतं. शेवटी दुकानाला मेल लिहिली आणि उत्तर आलं: तुम्ही डावखुऱ्या आहात का? ही सुरी उजव्या हाताची आहे.

सुरीला हात असतो! मला हे माहीतच नव्हतं. ह्या सुऱ्यांचं पातं एकाच बाजूनं उतरतं घासलेलं असतं, दुसरी बाजू सपाट. उजव्या हातात ते सरळ खाली जातं, डाव्या हातात भाजीच्या आत वळतं. म्हणजे इतकी वर्षं हात ठीक होता. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ती मेल वाचून मी एकटीच हसले, आणि समोरच्या मुलानं आपल्या शर्टावर काही सांडलं का ते बघितलं.

डाव्या हाताची सुरी दुकानात तयार मिळत नाही, सांगून करून घ्यावी लागते. शोधत शोधत मी जपानमधल्या ओसाकाजवळच्या साकाई गावातल्या एका लोहार आजोबांपर्यंत पोचले. त्यांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या वतीनं त्यांची सून मिहो इंग्रजीत मेल लिहायची. अट एकच होती. माणसानं स्वतः यायचं, हात बघितल्याशिवाय सासरे सुरी घडवत नाहीत. आणि मिहोनं हेही लिहिलं की डाव्या हाताची ही शेवटची. त्यासाठी त्यांना सगळी सवय उलटी करावी लागते, पाठ दुखते, ह्यापुढे ते असलं काम घेणार नाहीत.

मी एकटीच जाणार होते. आत्या म्हणाली, “तू? गार चहा आणून देला तरी तू पिऊन घेते, बोलत नाही. मी येतो संगं.”

साकाई, पहिला दिवस

ओसाकाहून साकाईला जायला झटपट गाड्या आहेत, पण आम्ही मुद्दाम ट्रामनं गेलो. एकच डबा. घरांच्या इतकी जवळून जाते की लोकांच्या गॅलरीतले वाळत घातलेले मोजे दिसतात. चालकाच्या हातात पांढरे हातमोजे. प्रत्येक सिग्नलपाशी तो समोर बोट करायचा आणि काहीतरी मोठ्यानं म्हणायचा.

“कोणाशी बोलून राहिला वं तो?” आत्यानं विचारलं.

“स्वतःशी. सिग्नल बघितला असं बोट दाखवून म्हणायचं असतं, म्हणजे चूक होत नाही.”

“बरं आहे की. तू पण बोलत जाय स्वतःशी. सुरुवात तं होईन.”

नोव्हेंबर होता. हवा आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळसारखी, ऊन मात्र स्वच्छ. झाडांना पानं नव्हती आणि तरी ती नारिंगी फळांनी लगडलेली होती. टोमॅटोसारखी दिसणारी ही फळं म्हणजे काकी. आत्यानं बाजारात दोन घेतली आणि आम्ही ती उभ्या उभ्या खाल्ली. “सीताफळ अन् आंबा ह्यायचं पोर आहे हे,” तिनं निकाल दिला. मला इतकं आवडलं की मी तिसरं घेतलं.

दुपारी एका छोट्या उपाहारगृहात गेलो. टेबलातच तवा बसवलेला होता. कोबी घातलेलं जाड धिरडं मालकीणबाईंनी आमच्यासमोर उलटलं, वर सॉस ओतला आणि सुक्या मासळीची कागदासारखी साल भुरभुरवली. वाफेनं ती साल वळवळायला लागली. आत्या खुर्चीसकट मागे सरकली.

“जित्तं आहे का वं हे?”

“नाही गं, वाफेनं हलतंय.”

“मंग थांबू दे त्याले.” आम्ही ते थांबायची वाट बघितली. चव छान होती, पण आत्या पडली सावजी घरातली. आमच्याकडे रस्सा खाताना कान गरम झाले नाहीत तर मीठ विसरलं असं समजतात. तिनं पर्समधून मसाल्याची पुडी काढली. मालकीणबाई कुतूहलानं वाकल्या, बोटानं चिमूटभर घेऊन चाखला, आणि मग दोन्ही हातांनी तोंडाला वारा घालत आतल्या खोलीत पळाल्या. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण त्या परत आल्या त्या एक छोटी वाटी घेऊन. अजून हवा होता.

मग आम्ही आजोबांच्या गल्लीकडे निघालो. गल्ली दिसायच्या आधी ऐकू आली. ठक-ठक, ठक-ठक, मध्येच दगडावर काहीतरी घासल्याचा लांब सूर. आत्या चालता चालता थांबली.

“आबाच्या घरी माग चालत तं असाच आवाज ये,” ती म्हणाली. “एका घरात थांबला की शेजारच्या घरातून येच.”

माझे आजोबा विणकर होते. मी जन्मले तेव्हा घरात माग नव्हता, त्यामुळे मला तो आवाज सांगीवांगीच माहीत. साकाईत मला कळलं की सुरीसुद्धा एका घरात होत नाही. एका घरी घडवतात, दुसऱ्या घरी धार लावतात, तिसऱ्या घरी मूठ बसते. मी आत्याला हे सांगितलं तर तिला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. “मंग? रंग देणारा अलग, ताणा करणारा अलग, विणणारा अलग. एकानंच सगळं केलं तं बाकीच्यायनं काय करावं?”

मिहो दारातच उभी होती. माझ्याहून थोडी मोठी, केस घट्ट बांधलेले, हसताना तोंडावर हात. आजोबा ठेंगणे, डोक्याला टॉवेल, आणि हात असे की कोपरापासून पुढे दुसऱ्याच मोठ्या माणसाचे लावलेत की काय वाटावं. त्यांच्या बायकोनं, आजींनी, चहा आणि संत्र्यांची परडी आणली. इथे माझा पुढचा सगळा गोंधळ ठरला, कारण संत्री बघून आत्या उठली. तिला आजींना समजावून सांगायचं होतं की आम्ही संत्र्याच्याच गावाहून आलोय. खाणाखुणांनी ते समजावता समजावता दोघी आतल्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी तिथे एकटी उरले: आजोबा, मिहो आणि भट्टीवरचे दोन कारागीर ह्यांच्यासमोर.

पाटावर मुळ्याचा जाड तुकडा होता. शेजारी पांढऱ्या कापडावर एक सुरी. मिहो म्हणाली, “ही डाव्या हाताची आहे. तुमच्यासाठी बाबांनी एका खानावळीतून मागून आणली. हिनं कापून दाखवा.”

माझ्यासाठी मागून आणलेली! मला इतका आनंद झाला की आभार मानायचे राहून गेले. आजोबांनी ती सुरी आडवी उचलली, दोन्ही तळहातांवर ठेवली, थोडं वाकले आणि माझ्यापुढे धरली.

आणि मी उजवा हात पुढे केला.

विचार करून केला नाही. वयानं मोठा माणूस वाकून काही देतो आहे आणि आपण डाव्या हातानं घ्यायचं, हे माझ्या अंगात नाहीच. प्रसाद, शगुन, आजीच्या हातची वाटी, काहीही. उजवा हात आपोआप गेला, डाव्यानं उजव्याचं कोपर धरलं. सुरी उजव्या हातात आली. आता ती बदलायची, एवढंच होतं. एका हातातून दुसऱ्या हातात. पण चार माणसं माझ्या बोटांकडे बघत होती, आणि हात बदलला असता तर वाटलं असतं की मी त्यांनी दिलेली वस्तू अशुभ हातात घेतली. मी तशीच मुळ्यावर वाकले आणि सोलायला लागले.

डाव्या हाताची सुरी उजव्या हातात काय करणार? तेच, जे नागपुरात उजव्या हाताची सुरी माझ्या डाव्या हातात करत होती. मुळ्याचे पाचरीसारखे तुकडे पाटावर पडले. आजोबा काहीतरी म्हणाले. कारागीर हसले. मिहोनं तोंडावर हात ठेवला.

“काय म्हणाले?”

“म्हणतात, हे काप सूपमध्ये लपवावे लागतील.”

मग त्यांनी स्वतःची, रोजची उजव्या हाताची सुरी दिली. तीही मी उजव्या हातातच घेतली. ह्या वेळी पट्टी जरा बरी निघाली. आजोबांचा चेहरा उजळला. ते मिहोशी भराभर बोलले, आणि मिहो माझ्यापुढे अगदी कमरेतून वाकली.

“आम्हाला माफ करा. तुमची मेल वाचताना माझी चूक झाली असणार, माझं इंग्रजी कच्चं आहे. मी बाबांना ‘डावा’ सांगितलं. त्यांनी तुमचा हात बघितला, तुम्ही उजव्या हाताच्या आहात. परवा ते उजव्या हाताची घडवतील. तुम्हाला गैरसोय झाली.”

तिच्या इंग्रजीत काही चूक नव्हती. माझ्या मेलमध्येही नव्हती. पण ती वाकलेली होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तिला सरळ उभं करायची मला इतकी घाई झाली की तोंडातून शाळेत घोटून घेतलेलं वाक्य निघालं.

“इट्स ओके.”

आत्या संत्र्याच्या साली हातात घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे एकमेकांना वाकून दाखवत होतो. तिनंही वाकून घेतलं.

तिला मी परतीच्या ट्राममध्ये सांगितलं. ती सीटवर वळून बसली.

“उजव्या हातानं काहून कापलं वं?”

“मोठ्या माणसाच्या हातून डाव्या हातानं घेऊ?”

आत्या पुन्हा समोर तोंड करून बसली. हे तिनंच मला शिकवलं होतं, चैत्रातल्या हळदीकुंकवाची वाटी डाव्या हातात घेतली म्हणून पाठीत हलका धपाटा घालून. मग ती म्हणाली, “मी सांगतो उद्या त्यायले.”

“नको. मी सांगीन.”

“तू?”

“मी सांगीन म्हटलं ना.”

“सांग बाई. पाह्यतो मी.”

साकाई, दुसरा दिवस

दुसरा दिवस मिहोनं आमच्यासाठी राखून ठेवला होता. सकाळी एका प्राचीन राजाची समाधी बघितली. ती किल्लीच्या भोकाच्या आकाराची आहे म्हणतात, पण जमिनीवरून दिसते ती पाण्यापलीकडची एक जंगलाची टेकडी. आत कुणालाच जाऊ देत नाहीत. आत्याला हे पटलं नाही. “रामटेकले पाय दुखेपर्यंत चढून जा, मंग देव भेटे. इथं राजा झोपला अन् कोणी भेटायलेच जात नाही.” मिहोला मी ह्याचं भाषांतर केलं तेव्हा ती खळखळून हसली, तोंडावर हात न ठेवता. मला तेव्हाच सांगता आलं असतं. ती हसत होती, रस्ता मोकळा होता. मी म्हणाले, “टेकडी फार सुंदर आहे.”

मग धार लावणाऱ्याकडे. ह्या माणसाकडे बघत मी दिवस काढला असता. दगडाचं चाक सतत पाण्यात भिजत फिरतं आणि तो लाकडी फळीवर पातं ठेवून सगळ्या अंगानं त्यावर रेलतो. करड्या पाण्याचे ओघळ भिंतीवर उडून उडून भिंत हत्तीच्या कातडीसारखी झालेली. त्यानं एक पातं पुसून माझ्यासमोर धरलं. वरचा भाग धुक्यासारखा, खालची पट्टी आरशासारखी, आणि दोन्हींच्या मधे एक नागमोडी रेघ, जिथे मऊ लोखंड संपून पोलाद सुरू होतं. मी श्वास रोखून बघत राहिले. आरशात माझं नाक दिसत होतं. असलं काहीतरी माझं होणार होतं, आणि तेही चुकीच्या बाजूचं.

मिहोला सांगायला मी तोंड उघडलं. विचारलं ते हे: “हा दगड कुठून येतो?”

तिसरं घर मुठींचं. लाकडाच्या मुठींच्या ढिगात बसलेले एक गृहस्थ, भुवयांवर भुसा. इथे मला कळलं की मुठीलाही हात असतो. गोल मुठीच्या एका बाजूला बारीक कडा काढलेली असते, ती बोटांच्या पेरांत बसते. उजव्या हाताला उजवीकडे, डाव्याला डावीकडे. त्यांनी उजवीकडची मूठ माझ्यापुढे केली. मी उजव्या हातात घेतली.

“बसते का बरोबर?” मिहोनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

मागून आत्याचा आवाज आला, गोड आणि मराठीत. “अजून एकदा हो म्हण. म्हंजे पुरी सुरीच त्यायच्या हाताची होऊन जाईन.”

“काय म्हणाल्या आत्या?” मिहोनं विचारलं.

“म्हणतात, मूठ छान आहे.”

संध्याकाळी हॉटेलच्या बाथरूममध्ये मी आरशासमोर उभी राहून सराव केला. इंग्रजीत वाक्य अगदी नीट तयार केलं, माफीनं सुरू होणारं, आभारानं संपणारं, मधे कुठेतरी डावा हात. इतकं सभ्य झालं की त्यातून काही कळेना. बाहेरून आत्या म्हणाली, “त्या ट्रामवाल्यासारखं बोट दाखव अन् मोकळी हो ना वं.”

तिचा मुद्दा मला पटत होता. पण ती रागावलेली नव्हती, आणि ह्यानं जास्त अवघड झालं. जेवताना ती एवढंच म्हणाली, “माह्यासाठी मी काय, बर्डीवरून घेतलेलीनं पण चिरतो. तू इतक्या दुरून आली ते त्याच एका गोष्टीसाठी. उजवीच घेऊन जाशीन तं घरी हाय ना एक.”

साकाई, तिसरा दिवस

आजोबांची भट्टी सकाळी पेटते. आम्ही पोचलो तेव्हा आत काळोख होता. मुद्दामच ठेवतात तसा, कारण लोखंडाचा रंग बघून उष्णता ओळखायची असते. डोळे सरावले तशा वस्तू दिसायला लागल्या: ऐरण, पाण्याची टाकी, खड्ड्यात उभे राहून काम करणारे आजोबा, आणि त्यांच्यासमोर विजेवर चालणारा मोठा घण.

आत्या दाराशी स्टुलावर बसली. मिहोनं धुरासाठी रुमाल दिला, तो तिनं तोंडावर घट्ट धरला. धुरासाठी धरला नव्हता हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. इतका वेळ गप्प बसलेली आत्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

आजोबांनी लोखंडाची पट्टी भट्टीत घातली. तांबडी, मग नारिंगी, मग नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी, जिच्याकडे बघवत नाही. बाहेर काढली, वर पांढरी भुकटी टाकली, भुकटीवर पोलादाचा लहानसा तुकडा ठेवला, पुन्हा आत. दुसऱ्यांदा काढली आणि घणाखाली धरली. ठिणग्या सगळ्या खोलीभर उडाल्या. मी मागे सरायला हवं होतं, मी पुढे सरले. दोन वेगळे धातू माझ्या डोळ्यांसमोर एक झाले, जोड दिसेना. मला ओरडून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

“आता बघा,” मिहो माझ्या कानाशी म्हणाली. “आतापर्यंत ही नुसती पट्टी आहे, हिला बाजू नाही. आता बाबा मुठीत जाणारं टोक काढतील. ते काढलं की पोलाद कुठल्या बाजूला हे कायमचं ठरलं. मग उजवीची डावी होत नाही.”

आजोबांनी पट्टी पुन्हा भट्टीत सारली. मी माझं इंग्रजी वाक्य आठवायला लागले. माफीपर्यंत आले. पट्टी तांबडी झाली. आभारापर्यंत आले आणि मधलं सापडेना. पट्टी नारिंगी झाली. आजोबांनी ती चिमट्यानं काढली, मनगट वळवून पोलादाची बाजू खाली केली, उजव्या हाताच्या सुरीला हवी तशी, आणि पाय घणाच्या पायपट्टीवर ठेवला. दाराशी आत्यानं रुमालाच्या वर डोळे मिटून घेतले.

“थांबा!”

मराठीत. आणि एवढ्या मोठ्यानं, की बाहेरच्या गल्लीत कुणाची तरी सायकल थांबल्याचा आवाज आला.

आजोबांचा पाय वर गेला. घण तसाच अधांतरी राहिला. एका कारागिरानं भात्याची मोटर बंद केली आणि तापलेलं लोखंड बारीक तडतडताना ऐकू यायला लागलं.

“लागलं का कुठे? बरी आहात ना?” मिहोनं घाबरून विचारलं. माझी दोन शब्दांची इंग्रजी तयारच होती, अगदी दातांपाशी. मी ती गिळली.

आजोबा चिमट्यात पट्टी धरून माझ्याकडे बघत होते. ती नारिंगीची तांबडी होत होती. ते रागावलेले नव्हते. कुणीतरी काहीतरी दाखवणार आहे आणि ते नीट बघायचं आहे, तसे बघत होते. मी पुढे झाले, ऐरणीपर्यंत, गाल भाजतील इतकी जवळ, आणि डावा हात त्यांच्यासमोर धरला, बोटं पसरून.

“आजोबा, हा हात पाहा. हा! मी ह्या हातानं चिरते. त्या दिवशी तुमच्याकडून सुरी उजव्या हातात घेतली, कारण आमच्याकडे मोठ्यांच्या हातून डाव्या हातानं काही घेत नाहीत. मिहोची काही चूक नाही, तिनं बरोबर वाचलं होतं. मले सुरी ह्या हाताची पाहिजे.”

आजोबांनी माझा डावा हात नीट बघितला, मनगट वळवून पोलादाची बाजू वर केली आणि पट्टी पुन्हा भट्टीत सारली.